मदत हवी आहे: अतिदक्षता विभागातील डेलिरियमनंतर वर्ष होत आले, तरी विचारांवरची पकड परत आलेली नाही

हा प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीबद्दल आहे. तिचे वय ५२ असून ती माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आजारपणापूर्वी तिला मेंदूचा किंवा मनाचा कोणताही विकार नव्हता. गेल्या वर्षी न्यूमोनियाचे रूपांतर सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे शरीरातील अवयव निकामी होऊ लागतात अशा जीवघेण्या अवस्थेत) झाल्यामुळे तिला अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले, व्हेंटिलेटर लावावा लागला, आणि त्या काळात बरेच दिवस ती डेलिरियममध्ये, म्हणजे गंभीर आजारात अचानक येणाऱ्या गोंधळलेल्या, भान हरपलेल्या अवस्थेत होती. सुरुवातीला ती नळ्या ओढून काढू पाहत असे आणि परिचारिका आपल्या औषधात विष कालवत आहेत असे खुणांनी सांगत असे. पुढे ती अगदी शांत झाली, हाक मारली तरी नजर वळवीना. आम्हाला वाटले, आता आराम पडतो आहे. परंतु तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले की हाही डेलिरियमच आहे, आणि हा गप्प प्रकारच अधिक आढळतो व सहज नजरेआड होतो. तिचा जीव वाचवणाऱ्या त्या सर्वांचे ऋण आमच्यावर कायमचे आहे.

आता ती चालते, जेवते, स्वतःचे सगळे करते. येणारेजाणारे ‘छान बरी झाली की’ असे म्हणून जातात. मात्र जवळून पाहणाऱ्याला दिसते ते वेगळेच आहे. वर्गसमीकरण तिला कागदावर आजही बिनचूक सोडवता येते. पण तेच ती फळ्यावर समजावून सांगत असताना एखाद्या मुलाने मध्येच शंका विचारली, तर शंकेचे उत्तर देऊन आपल्या अर्धवट पायरीवर परत येणे तिला जमत नाही. शाळेत रुजू होण्याआधी सराव म्हणून ती भाचरांना शिकवत होती, तेव्हा हे स्पष्ट झाले. तीन माणसे एकदम बोलू लागली की ती गप्प होते. सकाळी घेतलेले औषध घेतले की नाही, याची तिला खात्री नसते. दुपारनंतर तिला असा थकवा येतो की वाचलेले वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे लागते. मेंदूचा एमआरआय सामान्य आला आहे. एका डॉक्टरांच्या मते हा अशक्तपणा आहे आणि तो आपोआप जाईल. नात्यातील काहींनी मात्र स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असे सांगून तिला घाबरवून सोडले आहे. या दोन्ही टोकांमध्ये कुठेतरी खरे उत्तर असावे असे मला वाटते.

या विषयावर मी जे वाचले त्यात अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. श्वसन निकामी झाल्यामुळे किंवा शॉकमुळे (रक्ताभिसरण कोलमडल्यामुळे) अतिदक्षता विभागात आलेल्या ८२१ रुग्णांचा त्यात समावेश होता आणि त्यांपैकी ७४ टक्के रुग्णांना तिथे असताना डेलिरियम झाला होता. एका वर्षानंतर तपासलेल्यांपैकी सुमारे ३४ टक्के रुग्णांचे विचारशक्तीच्या चाचणीतील गुण डोक्याला मध्यम स्वरूपाची इजा झालेल्या माणसांइतके, आणि सुमारे २४ टक्के रुग्णांचे सौम्य अल्झायमर असलेल्यांइतके कमी होते. हे केवळ वृद्धांमध्ये घडले नव्हते, तरुण रुग्णांमध्येही दिसले होते. डेलिरियम जितका जास्त दिवस टिकला, तितकी पुढची हानी अधिक, हेही त्यात आढळले. हे आकडे वाचून भीती वाटली खरी, परंतु माझी बहीण आळशी झालेली नाही आणि कल्पनेने आजारीही पडलेली नाही, एवढे तरी घरातल्यांना ठामपणे सांगण्याचे बळ मला त्यांतून मिळाले.

सर्वांत कठीण गोष्ट शेवटी लिहितो. आपल्याला एका तळघरात कोंडले होते आणि आपल्या नवऱ्याने कागदावर सही करून आपल्याला परक्या लोकांच्या ताब्यात दिले, अशी तिची त्या दिवसांची ‘आठवण’ आहे. असे काही घडलेले नाही हे तिला बुद्धीने पटते, तरीही ही आठवण खऱ्या प्रसंगांपेक्षा अधिक लख्ख आहे. मेव्हण्यांशी ती तुटकपणे वागते आणि मग स्वतःच रडते. त्यांना यातले काहीच माहीत नाही. हे त्यांना सांगावे की नाही, याचा निर्णय तिचा आहे असे मी मानतो.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. वर्षभरानंतरही सुधारणेला वाव असतो का? कोणत्या तज्ज्ञाकडे जावे, आणि तिथे नेमके काय मागावे? त्या खोट्या आठवणींचे काय करावे? आणि अशा अवस्थेत ती शिकवण्याच्या कामावर परत जाऊ शकेल का? स्वतःचा किंवा जवळच्या माणसाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी अतिदक्षता विभागात डॉक्टर म्हणून काम करते. आपल्या ताईंना मी तपासलेले नसल्यामुळे हे सर्वसाधारण मार्गदर्शन समजावे. आपण केलेले वर्णन ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेशी जुळते. शरीर, मन आणि विचारशक्ती या तिन्हींवर गंभीर आजारानंतर राहणाऱ्या परिणामांना हे नाव अमेरिकेतील क्रिटिकल केअर तज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली भरवलेल्या बैठकीतून मिळाले.

सर्वप्रथम ताईंच्या चालू औषधांची यादी घेऊन बसा. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण इथे बरेच काही हाती लागते. डेलिरियमच्या काळात सुरू केलेली क्वेटियापिनसारखी भ्रम व अस्वस्थता शमवणारी औषधे किंवा झोपेच्या गोळ्या घरी जातानाच्या कागदावर तशाच उतरतात आणि मग त्या बंद करण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५६६ रुग्णांना हॅलोपेरिडॉल, झिप्रासिडोन (ही दोन्ही याच गटातली औषधे) किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला नकली डोस, देऊन पाहिले, तेव्हा या दोन्ही औषधांनी डेलिरियमचा काळ कमी झाला नाही. म्हणजे त्या वेळीही ज्यांचा उपयोग मर्यादित असतो, ती औषधे वर्षभर चालू ठेवण्याला वेगळे सबळ कारण हवे. सर्दीच्या आणि मूत्राशयाच्या काही गोळ्यांनीही स्मरणशक्ती मंदावते. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने एकाएकी थांबवू नका. झोपेच्या गोळ्या तर विशेषतः हळूहळू कमी कराव्या लागतात. त्याच भेटीत थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, श्रवणशक्ती, झोपेत श्वास अडखळतो का आणि नैराश्य आहे का, हेही तपासून घ्यावे.

त्यानंतर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे स्मरण, लक्ष, विचार अशा मेंदूच्या कामांची मोजणी करणाऱ्या मानसतज्ज्ञाकडून, सविस्तर चाचणी करून घ्या. दवाखान्यात दहा-पंधरा मिनिटांत होणारी ३० गुणांची मोका चाचणी सुरुवातीला ठीक असते, परंतु गणिताच्या शिक्षिकेला तिच्यात चांगले गुण मिळून खरी अडचण झाकली जाण्याची शक्यता असते. ताईंची अडचण लक्ष विभागण्याची आणि मनात एक धागा धरून ठेवण्याची दिसते. ती मोठ्या चाचणीतच नीट मोजता येते. एमआरआय सामान्य आला म्हणून ती अडचण खोटी ठरत नाही.

स्मृतिभ्रंशाबद्दल सांगायचे तर, अल्झायमर साधारणपणे नकळत सुरू होतो आणि वाढत जातो. इथे घसरण एका आजारपणात एकदम झाली आहे. महिन्यामहिन्याने स्थिती सुधारत असेल किंवा स्थिर असेल, तर ते चित्र वेगळे आहे. बिघडत चालली असेल, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टला लवकर दाखवा. सुधारणेचा वेग पहिल्या वर्षात अधिक असतो, पण वर्ष संपले म्हणून दार बंद होत नाही. काहींमध्ये थोडी उणीव कायम राहते, आणि तेव्हा तिच्याभोवती काम कसे बसवायचे हे शिकावे लागते. त्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत घ्या. मोठ्या कामाचे टप्पे पाडणे, प्रत्येक टप्प्यानंतर थांबून ‘मी आता काय करत होते’ हे पाहणे, सगळे लिहून ठेवणे अशा पद्धती ते शिकवतात. यावरचे अभ्यास अजून लहान आहेत, तरीही माझ्या रुग्णांना याचा लाभ झालेला मी पाहिला आहे.

ज्यांचा रुग्ण आज अतिदक्षता विभागात आहे अशा वाचकांसाठी एक गोष्ट: गुंगी कमी ठेवून रुग्णाला लवकर हालते करण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या १०४ रुग्णांच्या चाचणीत अशी लवकर थेरपी मिळालेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण घरी जाताना दैनंदिन कामांत स्वावलंबी झाले होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्के होते. डेलिरियमचे दिवसही पहिल्या गटात कमी होते.

प्रतिसाद २

मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून फक्त आठवणींबद्दल लिहिते. माझ्या खाटेभोवती पाणी चढत आहे आणि घरचे लोक काचेपलीकडून नुसते पाहत आहेत, असे मला दिसत होते. ‘तसे काही नव्हतेच, विसरून जा’ हे वाक्य मला सर्वांत जास्त एकटे पाडणारे होते. मला उपयोग झाला तो त्या दिवसांचा क्रम जुळवण्याचा. रुग्णालयाची कागदपत्रे आणि घरच्यांच्या आठवणी समोर ठेवून कोणत्या दिवशी नळी घातली, कधी काढली, कोण भेटायला आले, हे मी एका वहीत लिहिले. ते पाणी बहुधा व्हेंटिलेटरच्या आवाजातून आले असावे आणि काच तर खरोखरच होती, हे हळूहळू उलगडत गेले. ताईंच्या आठवणीतली सही कदाचित संमतिपत्रावरची असेल. त्यांनी मेव्हण्यांशी बोलायचे ठरवले, तर ते समुपदेशकासमोर बोलणे अधिक सोपे जाईल.

स्कँडिनेव्हियातील परिचारिकांनी रुग्णासाठी रोजची डायरी लिहिण्याची पद्धत रुजवली, ती आठवणींतल्या याच पोकळीसाठी. २०१० च्या एका अभ्यासात आघातोत्तर तणाव (पीटीएसडी) नव्याने झालेल्यांचे प्रमाण डायरी न मिळालेल्यांमध्ये १३ टक्के, तर मिळालेल्यांमध्ये ५ टक्के दिसले, पुढे २०१९ च्या फ्रेंच चाचणीत मात्र तसा फायदा दिसला नाही. मला स्वतःला वहीने आधार दिला एवढे मी नक्की सांगू शकते. पण वाचताना छाती धडधडू लागली, झोप उडू लागली, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. आघातावर केंद्रित उपचार त्यांच्याकडे उपलब्ध असतात.

धागाकर्ता

दोघींचेही मनापासून आभार. डॉक्टर, तुम्ही लिहिल्यानंतर मी घरी जातानाचा कागद पुन्हा पाहिला. त्यात रात्रीची एक गोळी आहे आणि ती कधी थांबवायची याची तारीख नाही. ती कोणत्या कारणासाठी दिली आणि आता आवश्यक आहे का, हे पुढच्या भेटीत लेखी प्रश्न म्हणून नेणार आहे. संमतिपत्राची शक्यता मी ताईला सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तो कागद पाहायला मिळेल का असे तिने विचारले. रुग्णालयाकडे कागदपत्रांच्या प्रतींसाठी अर्ज करत आहोत.

कामाचा प्रश्न मात्र अजून उरला आहे. पूर्ण वेळ रुजू होऊन पहिल्याच महिन्यात कोसळण्यापेक्षा सकाळचे एक-दोन तास, एकच इयत्ता, आणि शंका तासाच्या शेवटी घ्यायच्या अशी सुरुवात करावी असा माझा विचार आहे. अशा आजारानंतर टप्प्याटप्प्याने कामावर परतलेले कोणी इथे असतील, विशेषतः शिक्षक, तर त्यांनी मुख्याध्यापकांना किती सांगितले, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात नेमके काय लिहून घेतले आणि तास वाढवण्याची वेळ आली हे कशावरून ओळखले, ते कृपया लिहावे.