पफ पेस्ट्रीने मन शांत होतं, पण ऑर्डर घेतली तर?

रामबागची_मावशी (इंदूर)
नमस्कार मंडळी. मी बँकेत कॅशवर होते. समोर रांग आणि कानात कायम "मॅडम, जरा लवकर". निवृत्तीनंतर रांग गेली, धडधड मात्र राहिली. दुपारी उगाच घड्याळ बघत बसायचे. भाचीने हट्टाने पफ पेस्ट्री शिकवली आणि आता तेच वेड लागलंय. लिंबू पिळलेल्या गार पाण्यात मैदा भिजवा, बटरची चपटी वडी त्यात गुंडाळा, लाटा, तीन पदरी घडी घाला, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, पुन्हा लाटा. घाई केली की पीठ आखडून मागे येतं. त्या अर्ध्या तासात कुणी माझ्याकडे काही मागत नाही हो!

आता बटर बोटानं कळतं. दाबल्यावर खूण उमटली पाहिजे, पण बोटाला चिकटता कामा नये. कृतीतले मिनिटांचे आकडे मी हल्ली बघतही नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या नोटा मोजल्या, हे कसब मात्र माझं स्वतःचं.

शेजारच्या सुनेच्या डोहाळजेवणाला साठ व्हेज पफ मागितलेत, तेही मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना. पैशांचा प्रश्न नाही. पुन्हा रांग लागली तर हे सुखही जाईल, ही भीती. हो म्हणू का?

दांडियाबाजार (वडोदरा)
मावशी, हो म्हणा, पण भाजण्याचा दिवस आणि घड्यांचे दिवस वेगळे ठेवा. भरून, कापून, कच्चेच फ्रीजरमध्ये टाका. कार्यक्रमाच्या दिवशी गोठलेलेच ओव्हनमध्ये, 200 अंशांवर. म्हणजे घड्या घालताना मागे कुणी उभं नसतं.
उन्हाळ्याचं म्हणाल तर बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं, आपली स्वयंपाकघरं दुपारी त्याच्याही वर जातात. पहाटे लाटा. पोळपाटही आधी फ्रीजमध्ये ठेवा. बटर पिठात मुरलं की पदर गेले, कारण बटर आणि पिठातल्या पाण्याची वाफच ते उचलते.

किल्ल्याखालचा (ग्वाल्हेर)
मी उलट सांगतो. मी ऑर्डरी घेतो. आनंद जात नाही, पण फोन वाजू लागतो आणि "अजून दहा वाढवा" सुरू होतं. आकडा तुम्हीच ठरवा आणि तोच धरून बसा. बँकेत पाच वाजता काउंटर बंद करायचात ना?

चिरोटेवाली_आजी
मला गंमत वाटते. आपण चिरोट्याला तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतो, धीर तिथेही लागतोच. पण तीन पदरी घडी सहा वेळा घातली तर बटरचे 729 थर होतात, हे नातवाने कागदावर मांडून दाखवलं तेव्हा मी गप्पच झाले. चिरोटा बिचारा साधा.
मावशी, घरच्या ओव्हनला सहा घड्यांचा हट्ट नको. चार पुरतात, खुसखुशीत होतात.

रामबागची_मावशी
चाळीस सांगितले. शेजारीण जरा फुरंगटली, पण मानली. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून उशिरा परतणाऱ्यांच्या गाड्या थांबल्या की उठायचं ठरवलंय, तेव्हा फरशी गार असते.
एकच विचारायचं राहिलं. फ्रीजरमधून काढल्यावर दूध लगेच लावायचं की थांबून?

दांडियाबाजार (वडोदरा)
लगेच. फक्त वरून लावा. कापलेल्या कडांवर ओघळलं तर पदर चिकटतात आणि पफ एका बाजूनेच फुगतो.