गावात हायस्कूल उभारण्यासाठी पन्नास लाखांचा निधी कसा उभा करावा?

जांबोटीकडील ग्रामस्थ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, भीमगड अभयारण्याच्या कडेला आहे. गावात सातवीपर्यंत सरकारी मराठी शाळा असून आसपासच्या वाड्यांतील मुलेही तिथेच येतात. आठवीसाठी मात्र बारा किलोमीटर जावे लागते. बस दिवसातून दोनदाच येते आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की तीही अलीकडच्या फाट्यावरून माघारी फिरते. मुलगे नातेवाइकांकडे राहून कसेबसे शिकतात किंवा गोव्यात कामाला लागतात. मुलींचे शिक्षण बहुतेक घरांत सातवीलाच थांबते. संध्याकाळी जंगलातील वाटेवर गवे आणि अस्वले आडवी येतात, त्यामुळे आईवडिलांना तरी दोष कसा द्यावा?

गणपतीत परगावची मंडळी आली असताना पंच कमिटीने बैठक घेऊन हायस्कूल काढण्याचे ठरवले. एका कुटुंबाने दोन एकर जमीन देऊ केली आहे. चार खोल्या, स्वच्छतागृहे आणि बोअरवेल मिळून पन्नास लाखांचा अंदाज इंजिनिअरने दिला आहे. गावात सव्वाशे उंबरे आहेत. एवढा निधी कोठून आणि कोणत्या क्रमाने उभा करावा, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त मुख्याध्यापक, खानापूर

आपल्या गावाचा निर्धार स्तुत्य आहे, परंतु हिशेब अर्धाच झालेला आहे असे मला वाटते. इमारत एकदाच बांधायची असते. पगार दरमहा द्यावा लागतो. आठवी ते दहावीचे तीनच वर्ग धरले तरी गणित-विज्ञान, समाजशास्त्र, मराठी, कन्नड, इंग्रजी आणि हिंदी यांसाठी किमान पाच शिक्षक, शिवाय एक कारकून आणि एक शिपाई लागेल. प्रत्येकी सरासरी पंधरा हजार रुपये, म्हणजे अगदीच तुटपुंजा पगार धरला तरी वर्षाला १२ लाख ६० हजार रुपये होतात. ही रक्कम केवळ व्याजातून भागवायची तर सात टक्के दराने १ कोटी ८० लाखांची ठेव हवी. आपल्या पन्नास लाखांत यातला एक रुपयाही धरलेला नाही.

पुढे अनुदान मिळेलच, असे बैठकीत कोणीतरी नक्कीच म्हटले असेल. १९९५ नंतर सुरू झालेल्या शाळांना अनुदान मिळावे ही मागणी कर्नाटकातील संस्थाचालक वर्षानुवर्षे करीत आहेत. तेव्हा त्या भरवशावर शाळा काढू नये. विनाअनुदानित शाळेचा भार शेवटी फीच्या रूपाने पालकांवरच येतो, आणि ज्या घरातील मुलगी फुकटच्या शाळेतही जाऊ शकत नाही, त्या घराकडून फी कशी वसूल करणार?

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आपल्याच सरकारी शाळेत प्रथम आठवीचा वर्ग आणि त्यानंतर क्रमाने नववी-दहावी मंजूर करून घेण्यासाठी गावाने जोर लावावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आणि सक्तीचे आहे. म्हणजे आठवीचा वर्ग मागताना आपण कोणाकडे मेहेरबानी मागत नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या केंद्राच्या माध्यमिक शिक्षण अभियानात प्रत्येक वस्तीपासून पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी असे उद्दिष्ट होते आणि ती योजना २०१८ मध्ये ‘समग्र शिक्षा’ या योजनेत विलीन झाली. बारा किलोमीटर हा आपला सर्वांत मोठा मुद्दा आहे, तो अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात यावा. पाचवी, सहावी आणि सातवीचा पट, वाडीनिहाय मुलांची यादी, गेल्या काही वर्षांत सातवीनंतर शाळा सोडलेल्या मुलींची यादी, शाळा सुधारणा समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव असे सर्व जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षण खात्याच्या उपसंचालकांकडे प्रस्ताव पाठवावा. गाव जमीन आणि दोन खोल्या देण्यास तयार आहे, असे लेखी दिले तर प्रस्तावाला वजन येते.

हिशेबनीस, टिळकवाडी

सरांच्या गणिताशी मी सहमत आहे. तरीही खोल्यांसाठी पैसे गोळा करावेच लागतील, म्हणून पावत्यांविषयी थोडे लिहितो, कारण गावोगावच्या भानगडी तिथूनच सुरू होतात.

पंच कमिटीच्या नावाने पावती पुस्तके छापू नयेत. प्रथम कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली संस्था नोंदवावी, तिच्या नावाने पॅन आणि बँक खाते काढावे, आणि मगच पहिली पावती फाडावी. परगावचे नोकरदार आयकरातील सवलत विचारतील. ज्याला लोक अजूनही ‘८०-जी’ म्हणतात ती मान्यता संस्थेने घेतली तर देणगीदाराला साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते. मात्र दोन हजारांवरील रोख देणगीला ती मिळत नाही. ज्यांच्या पावतीवर नाव-पत्ता नाही, अशा निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की त्यांवर तीस टक्के कर लागतो. तेव्हा ‘एक सद्गृहस्थ’ असे लिहिण्याची जुनी सवय सोडावी. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यक्तीकडून रोखीने घेणे तर कायद्यानेच वर्ज्य आहे.

पुस्तकाच्या प्रत्येक पानावर अनुक्रमांक छापलेला असावा. कोणते पुस्तक कोणाच्या हाती दिले याची नोंदवही ठेवावी आणि रिकामे असो वा भरलेले, प्रत्येक पुस्तक परत घ्यावे. मी पाहिलेल्या एका गावात मंदिराच्या वर्गणीची तीन पुस्तके परत आली नाहीत. त्यांत फार तर काही हजार रुपये असतील, परंतु त्यानंतर त्या गावात कोणत्याही कामाला वर्गणी निघालेली नाही.

कंपन्यांच्या सामाजिक निधीची आशा धरावी, पण पहिल्याच वर्षी नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. परंतु १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते आणि कंपन्या मागील वर्षांचे लेखापरीक्षण पाहतात. आखातात असलेल्या गावकऱ्यांबाबत एक खुलासा करतो: ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी निधी ठरत नाही. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांचे पैसे मात्र परदेशी निधीच्या कायद्याखालील परवानगीशिवाय घेऊ नयेत.

फोंड्यातील खानापूरकर

मी त्याच पट्ट्यातला असून कामानिमित्त गोव्यात असतो. आपल्याकडे महालक्ष्मीची यात्रा भरते तेव्हा घरामागे पट्टी बसते आणि ती कोणी चुकवत नाही. गोव्यात हॉटेलात भांडी घासणारा मुलगासुद्धा ती पाठवतो. शाळेसाठीही ‘यथाशक्ती द्या’ असे न म्हणता गावाने घरामागे पट्टी ठरवावी. भातसुगी आणि काजूचा हंगाम असे दोन हप्ते केले तर रोख नसलेली घरे भात किंवा काजूबिया देऊ शकतील. विधवा आणि भूमिहीन कुटुंबांकडून पैशांऐवजी श्रमदान घ्यावे, आणि त्याची नोंद त्याच वहीत, त्याच रांगेत व्हावी. देणगीदारांच्या फलकावर लाखवाल्यांची नावे मोठ्या अक्षरांत आणि इतरांची तळाशी असे करू नये, एवढी माझी विनंती आहे.

अशा वेळी कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची मुष्टिफंडाची पद्धत, म्हणजे घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढणे, ही इमारतीसाठी नव्हे, तर मुलांच्या रोजच्या जेवणाची सोय होती. १९१६ मध्ये बेळगावात के.एल.ई. ही शिक्षण संस्था सुरू झाली तीही सात शिक्षकांच्या जोरावर. आपल्या गावानेही दर वर्षाची पट्टी चालूच ठेवावी आणि तिच्यातून एक गणिताचा आणि एक कन्नडचा मानधनी शिक्षक ठेवावा. सरकारी मंजुरी आली तरी जागा भरेपर्यंत मुलांचे वर्ष वाया जाते. कन्नडवर भर एवढ्यासाठी की २०१५ च्या कायद्याने ती पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आहे, आणि मराठी शाळांतील आपली मुले दहावीच्या परीक्षेत तिथेच अडकतात.

जांबोटीकडील ग्रामस्थ

आपणा सर्वांचे आभार. सरांचा १ कोटी ८० लाखांचा आकडा मी कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. सरकारी वर्गाचा प्रस्ताव आधी पाठवायचा, असे आता बहुमत आहे. काहींचे म्हणणे असे की मंजुरीची वाट न पाहता जूनपासून झावळ्यांच्या मांडवात वर्ग सुरू करावा, म्हणजे सरकारवर दबाव येईल. तसेच जमीन संस्थेच्या नावे करावी की शिक्षण खात्याच्या, यावर मतभेद आहेत.

वकील, खानापूर न्यायालय

दादा, मांडवाचा विचार सोडून द्यावा. २००४ मध्ये तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या गवती छपराला आग लागून ९४ मुले दगावली आणि त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शाळांच्या इमारतींसाठी सुरक्षेच्या अटी घालून दिल्या. अशा छपराखालच्या वर्गाला कोणताही अधिकारी मान्यता देणार नाही. शिवाय आपल्याकडच्या पावसात तो आषाढही पाहणार नाही. तूर्त समाजमंदिर किंवा प्राथमिक शाळेची मोकळी खोली संध्याकाळच्या शिकवणीसाठी वापरावी, पण तिला शाळा म्हणू नये.

जमिनीचा उतारा आजच काढून पाहावा. आपल्या भागात वर्षानुवर्षे कसलेली जमीनही कागदोपत्री वनखात्याची निघते. तसे निघाल्यास खाजगी संस्थेचा मार्ग बहुधा तिथेच बंद होतो. सरकारी शाळेसाठी मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यात सोय आहे: ग्रामसभेने शिफारस केली आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागत नसतील, तर एक हेक्टरपर्यंत वनजमीन शाळेला देता येते. जागा प्रत्यक्ष अभयारण्याच्या हद्दीत असल्यास वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागेल.

जमीन मालकीची निघाली तर बक्षीसपत्र थेट शिक्षण खात्याच्या नावे करावे आणि ती शाळेखेरीज अन्य कामासाठी वापरू नये अशी अट त्यात घालावी. संस्थेने केवळ निधी सांभाळावा. कुटुंब एकत्र असल्यास सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात, त्यात लग्न होऊन गेलेल्या मुलीही आल्या. कर्नाटकात १९९४ पासून आणि देशभरात २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा आहे, आणि एखादी सही राहिली तर अडचण इमारत उभी राहिल्यावर येते. बक्षीसपत्राचा मसुदा मी विनामूल्य करून देईन. उतारा आणि वारसांची यादी घेऊन कामकाजाच्या कोणत्याही दिवशी दुपारनंतर यावे.