मदत हवी आहे: आई दिवसभर द्राक्षबागेत असते, तरी व्हिटॅमिन डी एवढं कमी कसं?

तासगावचा_पोरगा
मंडळी, आईला (वय ५२) कंबर, मांड्या, नडग्या दुखायचा त्रास बरेच महिने आहे, खाली बसली की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, आम्हाला वाटलं बागेतल्या कामानं असेल, छाटणी झाली की थिनिंग, मग डिपिंग, बसणं कसलं ते नाही. शेवटी सांगलीला दाखवलं तर रिपोर्टमध्ये डी ८, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांशी संबंधित एक एन्झाइम) वाढलेलं आणि कॅल्शियम मात्र नॉर्मल. डीचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक दिलंय. दवाखान्यात गर्दी एवढी की काही विचारताच आलं नाही. उन्हात राबणाऱ्या बाईला डी कमी? आणि कॅल्शियम नॉर्मल आहे तर हाडं दुखतात कशानं? शेजारच्या काकू म्हणायलेत नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या दे, बास.

मिरजवाला
ऊन अंगावर पडतंय का ते बघ आधी. आपल्याकडं बायका साडीवर फुल शर्ट, डोक्याला स्कार्फ, तोंड बांधलेलं, आणि काम मांडवाखाली सावलीत. डी बनायला उन्हातली यूव्हीबी (अतिनील) किरणं थेट कातडीवर पडावी लागतात, आणि सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो. ते "सकाळचं कोवळं ऊन" पण फार कामाचं नाही, त्यात यूव्हीबी जवळजवळ नसतं, ते अकरा ते दोन-तीनच्या उन्हात.

लॅबवाली_ताई
काकूंचं ऐकू नका दादा. डी नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियममधलं १०-१५ टक्केच आतड्यातनं शोषलं जातं, डी पुरेसं असलं की ३०-४० पर्यंत. आता रक्तातलं कॅल्शियम शरीर काही करून जागेवर ठेवतं, हृदय आणि स्नायू त्यावर चालतात ना, म्हणून कमी पडायला लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि हाडातनं कॅल्शियम काढून रक्तात आणतात, वर फॉस्फरस लघवीवाटे जातो तो वेगळाच. रिपोर्ट नॉर्मल दिसतो तो हाडाच्या जिवावर.
हाड रोज थोडं झिजतं, थोडं नवं बनतं. नवं बनताना आधी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा सांगाडा, मग त्यात कॅल्शियम-फॉस्फेट भरतं. ते भरलं नाही तर स्लॅबच्या सळ्या बांधल्यात पण काँक्रीट पडलंच नाही असं होतं, हाड मऊ राहतं, दुखतं. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात, लहान पोरांत हेच झालं की मुडदूस. आईंना तेच आहे का ते डॉक्टर ठरवतील, पण वाढलेलं फॉस्फेटेज आणि उठताना मांड्यांत ताकद नसणं दोन्ही त्यात बसतं. ऑस्टिओपोरोसिस वेगळा, तिथं हाडाचा माल बरा असतो पण कमी असतो.

मिरजवाला
आणि पाकीट आठवड्याला एकच हां! लवकर फरक पडावा म्हणून रोज देणारे पण बघितलेत. डी चरबीत साठतं, जास्तीचं लघवीतनं निघून जात नाही, मग रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, मुतखडा, किडनीला त्रास.

तासगावचा_पोरगा
आईला मागं मुतखडा झालेला, हे डॉक्टरांना सांगितलंच नाही. आणि दूध तिला पचत नाही, पाकीट पाण्यातनं चालेल का?

लॅबवाली_ताई
मुतखड्याचं उद्याच फोन करून सांगा, कॅल्शियमची गोळी तर त्यांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका. पाकीट पाण्यातनं चालतं, फक्त उपाशीपोटी नको, दुपारच्या जेवणानंतर द्या, जेवणात तेल-तूप असलं की नीट शोषलं जातं.