भाची अमेरिकेत जज्जाची ‘क्लार्क’ झाली. आईला कसं समजावू?

राजेंद्रनगरचा मामा (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण उत्तर कोर्टकचेरीतल्या माणसांकडेच असेल, म्हणून इथे टाकतोय.

माझी भाची अमेरिकेत वकिली शिकते आहे. परवा तिचा फोन आला: मामा, मला क्लार्कशिप मिळाली, न्यूयॉर्कच्या फेडरल अपील कोर्टातल्या जज्जांकडे, एक वर्षासाठी. मी लगेच पेढे आणले. आईच्या (वय ८६) हातावर पेढा ठेवून बातमी सांगितली, तर तिने तो परत ताटलीत ठेवला. म्हणाली, “क्लार्क? अरे, तुझे आजोबा होळकरांच्या कचेरीत कारकून होते, तेसुद्धा मॅट्रिक नापास होऊन. त्यासाठी पोरगी सातासमुद्रापार गेली?” बहीण तेव्हापासून गप्प आहे. शिक्षणाचं कर्ज मेहुण्यांच्या नावावर आहे, आणि फेडायला अजून नऊ वर्षं आहेत.

तर सांगा: हे अपील कोर्ट म्हणजे आपल्या हायकोर्टासारखं का? तिथला जज्ज होतो कसा? आणि भाची म्हणाली, “मामा, हे लर्नेड हँडचं कोर्ट आहे.” हे माणसाचं नाव की पदवी? पुन्हा विचारायची लाज वाटली.

तोंडाळ भिया

पेढे उरले असतील तर पत्ता कळवा, सेव मी घेऊन येतो.

आणि काकूंना सांगा, कोर्टात खरा मान क्लार्कलाच. फाइल कुठे आहे ते जज्जालाही माहीत नसतं.

बडोद्याची वकील

मामा, आपल्यासारखी एकच शिडी तिथे नाही. आपल्याकडे बांधावरचं भांडण असो की इन्कमटॅक्स, प्रकरण शेवटी त्याच हायकोर्टातून सर्वोच्च न्यायालयाकडे जातं. तिथे राज्यांची कोर्टं वेगळी, केंद्राची म्हणजे फेडरल वेगळी. फेडरलमध्ये खाली डिस्ट्रिक्ट कोर्ट, मध्ये अपील कोर्ट, वर सुप्रीम कोर्ट. मधली अपील कोर्टं १३. भाचीचं ते सेकंड सर्किट असणार. न्यूयॉर्क, कनेटिकट आणि व्हरमाँट ही तीन राज्यं त्याच्याकडे येतात. तुमचं इंदूर खंडपीठ माळव्याची प्रकरणं ऐकतं तसं समजा, फक्त डोक्यावर जबलपूरचं मुख्य पीठ नाही. सर्किट म्हणजे फेरी. पूर्वी जज्ज गावोगाव फिरून कोर्ट भरवत, त्यावरून ते नाव राहिलं.

साक्षीदार नाहीत, ज्यूरी नाही. तीन जज्ज बसतात, खालच्या कोर्टाचे कागद वाचतात, वकिलांना थोडा वेळ देतात आणि निकाल लिहितात. सुप्रीम कोर्ट वर्षाला साठ-सत्तर प्रकरणंच पूर्ण सुनावणीला घेतं, त्यामुळे बहुतेकांसाठी हाच शेवटचा शब्द.

नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, सिनेट मत देऊन मंजूर करते. परीक्षा नाही, निवृत्तीचं वयही नाही. आपला हायकोर्टाचा न्यायमूर्ती ६२ ला घरी जातो, तिथे नेमणूक जन्मभराची.

आता क्लार्कचं. तिथला लॉ क्लार्क म्हणजे कारकून नव्हे; कायदा शिकून आलेला, जज्जाला प्रकरणांच्या अभ्यासात मदत करणारा सहायक. श्री श्रीनिवासन हे नाव आईंना सांगा. जन्म चंडीगढचा, १९६७ चा, वाढले कॅन्ससमध्ये. २०१३ मध्ये सिनेटने त्यांना वॉशिंग्टनच्या अपील कोर्टावर ९७ विरुद्ध शून्य मतांनी पाठवलं, २०२० मध्ये ते तिथले मुख्य न्यायाधीश झाले. त्यांनीही सुरुवातीला जज्जांकडे क्लार्की केली होती, आधी अपील कोर्टात आणि मग सुप्रीम कोर्टात सँड्रा डे ओकॉनर यांच्याकडे. तिथे हीच वाट आहे.

हँडबद्दल आमचे जुने स्टेनोकाका लिहितील. त्यांना आवरणं कठीण जाईल.

जुना स्टेनो (इंदूर)

आवरू नका.

मामा, हे माणसाचंच नाव. पण लाजू नका, माझी त्यांच्याशी ओळख तुमच्याहून लाजिरवाणी झाली. मी ३४ वर्षं स्टेनो होतो. ऐंशीच्या दशकात नुकसानभरपाईच्या एका दाव्यात साहेब निकाल सांगत होते आणि मी पिटमनच्या लघुलिपीच्या रेघा ओढत होतो. ‘जज लर्नेड हँड’ असं काहीतरी कानावर पडलं. मला वाटलं, वकिलांना ‘लर्नेड कौन्सेल’ म्हणतात तसलंच विशेषण. टाइप करताना मी माझ्या अकलेने इंग्रजी सुधारलं आणि ‘विद्वान न्यायाधीशांच्या हस्ते’ अशा अर्थाचं वाक्य ठोकून दिलं. वर चार कार्बन. साहेबांनी लाल पेन्सिलीने गोल केला, चष्मा काढला आणि पोट धरून हसले. पाचही प्रती पुन्हा काढल्या, तेव्हा घरी जायला साडेआठ झाले. तेव्हापासून हा माणूस माझ्या मागे लागला तो लागलाच.

पूर्ण नाव बिलिंग्ज लर्नेड हँड. लर्नेड हे आईचं माहेरचं आडनाव. जन्म १८७२, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा. आजोबा वकील, वडील वकील. वडील गेले तेव्हा हा चौदा वर्षांचा. हार्वर्डला तत्त्वज्ञानात मन रमलं होतं, पण घराण्याचा धंदा म्हणून कायदा केला. वकिली काही फळली नाही. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी डिस्ट्रिक्ट जज्ज नेमलं तेव्हा वय ३७, आणि तिथे गाडी रुळावर आली.

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. ‘द मासेस’ नावाचं डाव्या विचारांचं मासिक सरकारवर टीका करायचं, म्हणून पोस्टाने ते न्यायला नकार दिला. हँडसाहेबांनी मासिकाच्या बाजूने हुकूम दिला. सरकारवर टीका करणं वेगळं आणि कायदा मोडा असं थेट सांगणं वेगळं, हा त्यांचा मुद्दा. ऐन युद्धात असा निकाल! वरच्या कोर्टाने तो फिरवला. त्याच सुमारास अपील कोर्टात जागा निघाली होती, ती मॅन्टन नावाच्या गृहस्थाला मिळाली. हँड तिथे पोचले १९२४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या नेमणुकीने. मॅन्टन पुढे त्या कोर्टाचे प्रमुख झाले आणि १९३९ मध्ये लाच खाल्ल्याबद्दल दोषी ठरून पुढे तुरुंगात गेले. त्यानंतर ज्येष्ठ म्हणून खुर्ची कोणाकडे आली? हँडसाहेबांकडे. आमच्या कोर्टातले जुने पेशकार याला म्हणायचे, “पेशी (सुनावणी) पुढे गेली, पण लागली.”

सुप्रीम कोर्ट मात्र हुकलं ते हुकलंच. १९१२ मध्ये ते टाफ्टना सोडून थिओडोर रूझवेल्टच्या गटात गेले, याचा राग टाफ्टनी धरून ठेवला. नंतर तेच टाफ्ट सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश होऊन बसले. १९४२ मध्ये पुन्हा जागा रिकामी झाली, मित्रांनी खटपट केली. पण सत्तरी ओलांडलेल्या जज्जांविरुद्ध राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टनी १९३७ मध्येच रान उठवलेलं, आता सत्तरीच्या माणसाला कुठल्या तोंडाने नेमणार? ४८ वर्षांच्या रटलेज यांना नेमलं. आणि ज्यांना म्हातारे म्हणून वगळलं ते हँड पुढे आणखी १८ वर्षं कामावर. रटलेज १९४९ मध्येच वारले.

गंमत म्हणजे १९४५ मध्ये सुप्रीम कोर्टच त्यांच्या दारी आलं. अॅल्युमिनियमची कंपनी अल्कोआ, तिच्या मक्तेदारीचा खटला. वरचे इतके जज्ज या ना त्या कारणाने बाजूला झाले की कोरमच भरेना. मग खास कायदा करून प्रकरण सेकंड सर्किटकडे पाठवलं, तुमचाच निकाल शेवटचा म्हणून. तीन जज्जांत लर्नेड हँड आणि त्यांचे सख्खे चुलतभाऊ ऑगस्टस हँड! दोघे भाऊ वर्षानुवर्षं एकाच कोर्टात होते. वकिलांत म्हण होती: वाक्य लर्नेडचं घ्या, निकाल गसचा (म्हणजे ऑगस्टसचा) पाळा.

माझ्या साहेबांनी सांगितलेला दाखला पिठाचा होता. ४ जानेवारी १९४४, न्यूयॉर्कचं बंदर. ‘अॅना सी’ नावाची बार्ज, म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेली सपाट मालवाहू नाव, सरकारी पीठ भरून उभी. ‘कॅरल’ नावाच्या टगच्या, म्हणजे बार्जा ओढणाऱ्या बोटीच्या, माणसांनी दोर नीट लावले नाहीत. बार्जा सुटल्या, अॅना सी एका टँकरवर आदळली, त्याच्या पंख्याने तिच्या बुडाला भोक पाडलं. वरून काही दिसेना. कलंडली, पीठ पाण्यात आणि नाव तळाला. आता हिच्यावरचा राखणदार कुठे होता? आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला जो गेला तो २१ तास गायब. तो असता तर गळती कळली असती, शेजारच्या टगांचे पंप लावून नाव वाचली असती. कोर्टात त्याने काहीतरी कहाणी रचून सांगितली. हँडसाहेबांनी लिहिलं की ही बनावट कहाणी हाच त्याच्याकडे सबब नसल्याचा पुरावा.

मग ते सूत्र आलं, ज्यासाठी जगभरची कायद्याची पोरं त्यांना ओळखतात. तीन गोष्टी धरा: अपघात होण्याची शक्यता, झाला तर होणारं नुकसान, आणि तो टाळायचा खर्च. पहिल्या दोन्हींच्या गुणाकारापेक्षा खर्च कमी असूनही केला नाही, तर तो निष्काळजीपणा. दिवसाउजेडी, युद्धाच्या गर्दीत, बार्जा सारख्या हलवल्या जात असताना माणूस नावेवर ठेवणं काही महाग नव्हतं. म्हणून मालकालाही नुकसानीचा वाटा उचलावा लागला. १९४७ चा निकाल, वाचायला पंधरा मिनिटं लागत नाहीत.

माझ्या पोटाला लागणारी गोष्ट: हँडसाहेब डिक्टेशन देत नसत! निकाल स्वतः हाताने लिहायचे, खोडायचे, परत लिहायचे. क्लार्कनेही निकाल लिहायचा नाही. त्याने समोर बसायचं, ऐकायचं आणि चुका काढायच्या. साहेब चिडतील, वाद घालतील, पण त्याने गप्प बसायचं नाही.

आईंना हे ऐकवा. १९३७ मध्ये त्यांच्याकडे एक क्लार्क होता, आर्चिबाल्ड कॉक्स. दहा वर्षांनी दुसरा, इलियट रिचर्डसन. १९७३ मध्ये वॉटरगेटची, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घरफोडीच्या प्रकरणाची, चौकशी याच कॉक्सकडे होती, आणि त्याने राष्ट्राध्यक्ष निक्सनकडे टेप मागितल्या. निक्सनने हुकूम सोडला, कॉक्सला काढा. हुकूम कोणाला? अॅटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचा प्रमुख, रिचर्डसनला. २० ऑक्टोबर, शनिवार. रिचर्डसनने काढायला नकार दिला आणि स्वतःचाच राजीनामा ठेवला. एकाच जज्जाचे दोन कारकून.

बडोद्याची वकील

काका, सुंदर. पण आरती पुरे. १९१७ मध्ये मासिकाला वाचवणाऱ्या याच हँडनी १९५० मध्ये डेनिस खटल्यात कम्युनिस्ट पुढाऱ्यांची शिक्षा कायम केली. आणि १९५८ ला हार्वर्डच्या व्याख्यानांत, काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करणाऱ्या ब्राउन निकालावरच शंका घेतली. जज्जांनी कायदेमंडळाच्या कामात पाय घालू नये, हा त्यांचा हेका. शाळेच्या दारावर उभ्या असलेल्या काळ्या मुलीला या संयमाचा काय उपयोग?

जुना स्टेनो (इंदूर)

मान्य. ब्राउनबाबत मीही त्यांच्या बाजूने नाही, आणि डेनिसचा निकाल वाचताना मला त्यांचाच मासेसचा निकाल आठवत राहतो. लाल पेन्सिल त्यांनाही लागायला हवी होती. १९६१ मध्ये ८९ व्या वर्षी वारले, तोपर्यंत जज्जच होते. डिस्ट्रिक्टपासून धरलं तर ५२ वर्षं.

राजेंद्रनगरचा मामा (इंदूर)

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणानंतर आईला सगळं वाचून दाखवलं. वॉटरगेट तिला आठवत होतं, रेडिओवर ऐकलेलं. पिठाची नाव बुडाली तिथे मात्र ती राखणदारापेक्षा पिठावरच जास्त हळहळली. “लढाईच्या दिवसांत? आमच्याकडे रेशनला रांगा होत्या.”

मग म्हणाली, जन्मभर नोकरी म्हणजे पेन्शन नसेलच. मी भाचीला फोन लावून विचारलं. ती म्हणाली, ६५ व्या वर्षी १५ वर्षांची नोकरी झाली असेल तर जज्ज पूर्ण पगारावर निवृत्त होऊ शकतो, नाहीतर ‘सिनियर’ होऊन थोडंथोडं काम करत राहतो. आई बराच वेळ गप्प. शेवटी, “आणि आपली पोरगी तिथे नक्की काय करणार?”

मी म्हटलं, जज्जासमोर बसून त्याच्या चुका काढणार. (हल्लीचे क्लार्क मसुदेही लिहितात असं भाची म्हणाली, पण ते मी आईला सांगितलं नाही.)

“चुका?” आईने ताटलीतला पेढा उचलला. “त्याला कशाला न्यूयॉर्क? माझ्या तर इथेच रोज काढायची.”