मदत हवी आहे : फौंड्रीवाल्यांच्या संघटनेत जाऊ का?

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) मी क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लो-होल (वायूमुळे पडणारी भोकं) आले की मोल्डिंगवाले, म्हणजे वाळूचे साचे करणारे, मेल्टिंगकडे बोट दाखवायचे, मेल्टिंगवाले वाळूच्या ओलाव्याकडे. आता रोज सकाळी तिघं मिळून रिजेक्शन (नापास झालेला माल) बघतो, भांडण बरंच कमी झालंय. पण हे काम गेटाबाहेर कुणाला दिसणार?

इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन या फौंड्रीवाल्यांच्या संघटनेचा बेळगाव चॅप्टर (शाखा) आहे. तिथं मालकलोकच जास्त असतील की काय, अशी धाकधूक वाटते. माझ्यासारख्यानं सभासद व्हावं का? व्याख्यान संपल्यावर अनोळखी माणसाशी बोलणं कसं काढता? (कन्नड समजतं, बोलताना अडखळतो.) मच्छे, हत्तरगीकडच्या फौंड्रीतलं कुणी या चॅप्टरमध्ये गेलं असेल तर सांगा. आणि साहेबांना आधी विचारावं, की परस्पर जावं?