भाषेवर सत्तेचा ताबा दाखवणारे साहित्य: वाचनगटासाठी सल्ला हवा

धागाकर्ती:
नमस्कार. आमच्या वाचनगटात या वर्षी डिस्टोपियन, म्हणजे दुःस्वप्नासारख्या जुलमी समाजाचे चित्र रंगवणारे, साहित्य वाचायचे ठरले आहे आणि भाषा हेच चर्चेचे सूत्र धरावे, असे सर्वांचे मत पडले. पाळत ठेवणारी, पुस्तके जाळणारी राजवट अशा बहुतेक कादंबऱ्यांत असते. मला मात्र अशा कलाकृती हव्या आहेत, ज्यांत राजवट बोलण्याच्या साधनालाच हात घालते, म्हणजे शब्द काढून घेते, नवे शब्द लादते किंवा लिहिण्यावाचण्याचा हक्क मूठभरांपुरता ठेवते. जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ आमच्यापैकी बहुतेकांनी वाचलेली आहे. तिच्यापुढे काय वाचावे आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मूळ भाषा कोणतीही असो, इंग्रजी अनुवाद उपलब्ध असावा.

प्रतिसाद १:
कादंबरी वाचून झाली असली तरी पहिल्या बैठकीसाठी मी तिचे परिशिष्टच सुचवेन, कारण कथा संपताच पुस्तक मिटणारे वाचक फार असतात. ‘न्यूस्पीक’ या सरकारी भाषेची तत्त्वे तिथे व्याकरणाच्या पुस्तकासारखी मांडली आहेत. रोजच्या व्यवहाराचे शब्द, राजकीय हेतूने घडवलेले जोडशब्द आणि शास्त्रीय परिभाषा असे शब्दसंग्रहाचे तीन वर्ग त्यात आहेत. ‘फ्री’ हा शब्द उरतो, पण कुत्रा उवांपासून मुक्त आहे एवढेच सांगण्यापुरता. राजकीय स्वातंत्र्याचा अर्थ त्यातून काढून टाकलेला असतो. शेक्सपिअर, मिल्टन, डिकन्स यांचे नव्या भाषेत रूपांतर करण्याचे काम रेंगाळत असल्यामुळेच तिच्या पूर्ण स्वीकारासाठी २०५० हे इतके लांबचे साल ठरवावे लागले, असेही तिथे म्हटले आहे. सर्वशक्तिमान राजवटीला अभिजात साहित्याने इतका वेळ अडवून धरावे, हा तपशील मला कादंबरीतील कोणत्याही संवादाहून मोलाचा वाटतो. संपूर्ण परिशिष्ट भूतकाळात लिहिलेले आहे, हेही सर्वांच्या नजरेस आणून द्यावे. त्यावरून ती राजवट पुढे कोसळली असा निष्कर्ष काही वाचक काढतात आणि मार्गारेट ॲटवुड त्यांपैकी एक आहेत.

त्यानंतर चेक नाटककार वात्स्लाव हावेल यांचे ‘द मेमोरँडम’ हे १९६५ साली प्राग येथे रंगभूमीवर आलेले नाटक घ्यावे. एका कार्यालयाच्या संचालकाला ‘प्टिडेपे’ नावाच्या नव्या कार्यालयीन भाषेत पत्र येते. ते वाचून घ्यायचे तर भाषांतराची परवानगी लागते आणि परवानगीच्या अटी अशा गुंफलेल्या असतात की ती कधी मिळूच नये. दोन शब्दांत गोंधळ होऊ नये म्हणून ही भाषा शब्द लांबवत नेते; वॉम्बॅट या प्राण्याच्या नावाला तिच्यात ३१९ अक्षरे लागतात. हे सारे विनोदी आहे, परंतु हावेल हसवून सोडून देत नाहीत. नियम मोडून ते पत्र संचालकाला वाचून दाखवणाऱ्या मारियाची नोकरी जाते, आणि तिला वाचवू शकणारा तोच संचालक उदात्त शब्दांत आपली अगतिकता सांगून जेवायला निघून जातो.

प्रतिसाद २:
वरच्या यादीत केवळ पुरुष लेखक आहेत. या विषयावर स्त्रियांनी केलेले लेखन मला अधिक खोलवर गेलेले वाटते, म्हणून तीन नावे जोडते.

ॲटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीत स्त्रियांना वाचायला बंदी आहे. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरेसुद्धा पुसून चित्रे ठेवली जातात. दासीचे नाव ती ज्या पुरुषाकडे नेमलेली असेल त्याच्या नावावरून पडते आणि दोन दासी भेटल्या की धर्मग्रंथाच्या वळणाची ठरीव अभिवादनेच बोलतात. अशा राज्यात नायिका ज्याच्याकडे दासी म्हणून नेमलेली आहे तो कमांडर तिला रात्री चोरून बोलावतो आणि स्क्रॅबल खेळायला लावतो. अक्षरांचा साधा खेळ तिथे गुन्हा ठरतो आणि तो गुन्हाही त्याच्या मर्जीवर चालतो. वाचनबंदी म्हणजे काय, हे त्या प्रसंगात जितके कळते तितके दुसरीकडे क्वचितच कळेल.

योको ओगावा यांची ‘द मेमरी पोलीस’ ही मूळ जपानी कादंबरी १९९४ सालची असून तिचा इंग्रजी अनुवाद २०१९ साली आला. एका बेटावरून पक्षी, गुलाब अशा गोष्टी एकेक करून नाहीशा होतात. शब्द ओठांवर येऊ शकतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात काहीच उमटत नाही. निवेदिका स्वतः कादंबरीकार आहे आणि एके दिवशी कादंबऱ्याच नाहीशा होतात, तेव्हा लोक आपापली पुस्तके आपल्याच हातांनी जाळतात. लोकांचा तो शांतपणा मला फार अस्वस्थ करतो.

सुझेट हेडन एल्गिन यांची ‘नेटिव्ह टंग’ (१९८४) मात्र उलट दिशेने जाते. हक्क गमावलेल्या स्त्रिया तिच्यात गुप्तपणे स्वतःची भाषा घडवतात. लेखिका स्वतः भाषाशास्त्रज्ञ होत्या आणि ‘लादान’ ही भाषा त्यांनी खरोखर रचली. कथानक काही ठिकाणी ओढून आणल्यासारखे वाटते, तरी चर्चेसाठी हे पुस्तक घ्यावेच.

प्रतिसाद ३:
वरील सर्व सूचना उत्तम आहेत, परंतु एक मूलभूत शंका मांडावीशी वाटते. ऑर्वेल यांच्या प्रभावामुळे आपण असे धरून चालतो की सत्ता शब्द नष्ट करून विचार नष्ट करते. प्रत्यक्ष हुकूमशाहीत राहून भाषा न्याहाळणाऱ्या माणसाची नोंद वेगळी आहे. व्हिक्टर क्लेम्पेरर हे जर्मनीतील ड्रेस्डेन येथील रोमान्स भाषांचे, म्हणजे फ्रेंच, इटालियन अशा लॅटिनपासून निघालेल्या भाषांचे, प्राध्यापक. ज्यू म्हणून १९३५ साली त्यांचे पद काढून घेण्यात आले, पुढे ग्रंथालयाचे दारही त्यांना बंद झाले आणि लपूनछपून लिहिलेली रोजनिशी तेवढी त्यांच्यापाशी उरली. तिच्या आधारे लिहिलेले ‘एलटीआय’ (‘तिसऱ्या राइशची भाषा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे) हे पुस्तक १९४७ साली प्रसिद्ध झाले. नाझींनी नवे शब्द फार थोडे घडवले, असे ते दाखवतात. जुनेच शब्द अर्थ फिरवून लाखो वेळा कानावर घातले गेले. ‘फॅनॅटिक’ (माथेफिरू) हे दूषण तिथे गौरवाचे विशेषण झाले. शब्द आर्सेनिकच्या सूक्ष्म मात्रांसारखे नकळत गिळले जातात, असे ते म्हणतात. त्याहून भयंकर म्हणजे राजवटीचे विरोधक आणि तिने छळलेले ज्यूसुद्धा तीच भाषा बोलू लागल्याचे त्यांनी टिपले आहे.

हे पुस्तक कथात्म नाही, तरी शेवटी न ठेवता ऑर्वेल यांच्या लगेच नंतर वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ते वाचल्यावर ‘द हँडमेड्स टेल’मधील अभिवादने आणि हावेल यांचे कार्यालय दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात, कारण तिथेही माणसे गप्प केलेली नाहीत, त्यांना सतत बोलते ठेवलेले आहे.

धागाकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. क्लेम्पेरर यांचे नाव मला ठाऊक नव्हते. गटातील ज्येष्ठ सदस्यांना आणीबाणी आठवते, म्हणून विचारते: त्या काळातील भाषेचा मुद्दा या चर्चेत आणणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद ३:
जरूर आणावा, मात्र मोजक्या उदाहरणांनिशी. विनोबांचा ‘अनुशासनपर्व’ (शिस्तीचा काळ) हा शब्द सरकारी प्रचाराने उचलला, हे एकच उदाहरण बैठकीला पुरेल. पुढे विनोबांनी राज्यकर्त्यांचे शासन आणि आचार्यांचे अनुशासन असा भेद स्पष्ट केला, पण तोवर भिंतींवर आणि फलकांवर शब्द सरकारचा झाला होता. कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आणीबाणीच्या विरोधात घेतलेली भूमिकाही सोबत ठेवावी. नाझी जर्मनीशी सरसकट तुलना मात्र टाळावी. प्रमाण आणि परिणाम दोन्ही निराळे होते.

प्रतिसाद १:
क्लेम्पेरर दुसऱ्या क्रमांकावर घेण्यास माझी संमती आहे. हावेल यांचे नाटक मात्र घरी वाचून येण्यापेक्षा पात्रे वाटून घेऊन बैठकीतच मोठ्याने वाचावे. प्टिडेपे शिकवणाऱ्या शिक्षकाची भाषणे दमदार आवाजाच्या सदस्याकडे द्यावीत, आणि वेळ कमी पडला तर मधले प्रवेश गाळावेत. मारिया आणि संचालक यांचा शेवटचा प्रवेश गाळू नये.