इमारतीवर देणगीदाराचे नाव: गरज की हौस?

कानोकानी: ‘नाव द्यायची तयारी नसेल, तर विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांपुढे हात पसरू नये,’ असे काल हिशेबी यांनी लिहिले, ते वाचून गप्प बसवले नाही. अमेरिकी उद्योजक चक फीनी यांनी आपण शिकलो त्या कॉर्नेल विद्यापीठाला सुमारे एक अब्ज डॉलर दिले आणि कित्येक वर्षे स्वतःचे नाव कुठेही येऊ दिले नाही. पाटीवाचून हात सैल होत नाही म्हणणाऱ्यांनी याचे काय ते उत्तर द्यावे.

हिशेबी: एका फीनींवरून धोरण ठरत नाही. शिवाय २०२१ पासून कॉर्नेलमधल्या एका रस्त्याला त्यांचेच नाव आहे, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

तिसरा मजला: पाटीचे सोडा, डागडुजीचे बोला. आमच्या वसतिगृहाची ग्रॅनाइटची कोनशिला माजी विद्यार्थी मेळाव्याच्या आदल्या दिवशी तेल लावून चकचकीत केली जाते. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला पावसाळाभर ओल असते आणि न्हाणीघरातले नळ सुतळीने आवळून ठेवावे लागतात. इमारत देणगीची, पण खर्च आमच्या शुल्कातून, हा कुठला न्याय?

कानोकानी: म्हणूनच दगडविटांऐवजी विद्यार्थ्यांवर खर्च व्हावा. अमेरिकी उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला १.८ अब्ज डॉलर दिले, ते विद्यार्थ्यांच्या आर्थिक साहाय्यासाठी.

हिशेबी: आणि तिथल्या सार्वजनिक आरोग्य विद्याशाखेला नाव कोणाचे आहे, तेही सांगून टाका. ब्लूमबर्ग यांचेच, २००१ पासून!

जुनी लेखाशाखा: मी विद्यापीठाच्या लेखाविभागात नोकरी केली आहे. देखभालीसाठी पैसे मागितले की देणगीदाराचा चेहरा पडतो, कारण गच्चीच्या गळतीवर केलेल्या कामाची फीत कापता येत नाही. खरा उपाय म्हणजे बांधकामाच्या रकमेसोबतच कायमनिधी घ्यावा, मुद्दलाला हात न लावता व्याजातून दुरुस्ती करावी आणि हे करारातच लिहून घ्यावे. आमच्याकडे हे सुचवल्यावर ‘देणगीदार बिथरतील’ असे सांगून मला गप्प केले गेले.

हिशेबी: बिथरतीलच! तुमच्या अटी वाचूनच माणूस चेकबुक खिशात घालेल.

तिसरा मजला: खुशाल घालू दे. गळकी इमारत गळ्यात मारणाऱ्याचे उपकार आम्ही का मानायचे? तुम्ही त्या ओलीत एक पावसाळा काढा, मग बोला.

हिशेबी: ठीक आहे, कायमनिधी जमा झाल्याशिवाय पाटी लागू नये, एवढे मान्य, ज्यांना विजयोत्सव करायचा आहे त्यांनी करावा. पण निधी भरणाऱ्याचे नाव लागलेच पाहिजे, आणि तेही ठळक अक्षरांत.

कानोकानी: ठळक लावा, पण व्याज दुरुस्तीला अपुरे पडू लागले की ती पाटी उतरवण्याचे कलमही त्याच करारात घाला.